उलटी जुळलेली टोकं

माझी आत्या किरणोत्सर्गाच्या तडाख्यात सापडलेल्या माणसांचं रक्त तपासायची. पेशी वाढवायच्या, काचेवर पसरायच्या आणि सूक्ष्मदर्शकातून गुणसूत्रं न्याहाळायची. "तांदळातला खडा दिसत नाही, पण तिथली केसाएवढी चूक दिसते," असं ती स्वतःच म्हणायची.

तिचा धाकटा भाऊ, माझा काका, पाइपांच्या कारखान्यात फिटर होता. वेल्डिंगचे जोड तपासायला तिथे गॅमा किरणांचं यंत्र आणत. एकदा त्यातला किरणं सोडणारा चकचकीत तुकडाच गळून पडला. काकाला तो कसला तरी सुटा भाग वाटला. त्याने उचलून पँटच्या खिशात टाकला. संध्याकाळी शोधाशोध झाली, तेव्हा तो तिथेच सापडला.

"आयुष्यात पहिल्यांदा खिशात काहीतरी किमती होतं," काका हसून म्हणाला. मांडी लाल व्हायला अजून अवकाश होता.

त्याचं रक्त आत्याच्याच प्रयोगशाळेत आलं. साहेबांनी दुसऱ्या कुणाला द्यायचं ठरवलं, पण आत्या ऐकेना. तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. निरोगी गुणसूत्राला एकच कंबर, म्हणजे आवळलेला भाग, असते. इथे पेशीमागून पेशीत दोन-दोन कंबरांची, तुटून भलतीच जोडली गेलेली गुणसूत्रं दिसत होती.

पुढच्या काही आठवड्यांत मांडीवर जखम होऊन ती चिघळली. इस्पितळात काकाने तिला विचारलं, "ताई, शरीर आपलं आपण दुरुस्ती करतं ना?"

"करतं रे. किरणांनी गुणसूत्राचा धागा तुटला की पेशी टोकं शोधून सांधते. एखादा तुटला तर नीट जमतं. एकदम खूप तुटले की घाईत भलतीच टोकं जोडली जातात. काही पेशींना तेही जमत नाही, त्या स्वतःच मरतात."

"माझे किती तुटलेत?"

आत्याने त्याच्यापासून कधी काही लपवलं नव्हतं. "खूप," ती म्हणाली.

काकाने मान हलवली आणि पाणी मागितलं.

मांडीवर दोनदा कातडी लावली, दोन्ही वेळा ती धरली नाही. जखमेतला जंतुसंसर्ग रक्तात भिनला आणि हिवाळा संपायच्या आत काका गेला.

सगळं आटोपल्यावर काकू आत्याजवळ येऊन बसली. "तुम्ही होतात म्हणून धीर होता," ती म्हणाली. "हे मला म्हणाले होते, ताईने स्वतः बघितलंय, सगळं जुळत आलंय."

आत्याने काकूचं ताट वाढून आणलं आणि काकू दोन घास खाईपर्यंत तिच्यासमोर बसून राहिली.