देवळाची टेंगळे

निकिप्पेच्या बापाच्या नाकावर मोठी चामखीळ होती. मुलगी मागायला आलेल्या फ्रासिलासने म्हणे आल्या आल्या बापाचा चेहरा चाचपला, झोळीतून छिन्नी काढली आणि विचारले, "मामा, एवढं तेवढं उडवून टाकू?" मामा ऑलिव्हच्या झाडावर चढले, ते लग्न ठरल्यावरच उतरले.

फ्रासिलासचा दोष नव्हता, धंदाच तसा. देवळाचे दगड दोराने वर चढवायचे, तर दोर अडकायला प्रत्येक दगडावर टेंगूळ ठेवावे लागते. भिंत पुरी झाली की टेंगळे तासायची. सिसिलीतल्या आमच्या गावात ते काम फ्रासिलासचे. देवीच्या नव्या देवळाची भिंत उभी राहिली आणि ती गुळगुळीत करण्याचा एकच ध्यास त्याने घेतला.

"आधी छप्पर होऊ दे," नगरसभेचा प्रमुख आन्द्रोन म्हणाला. छप्पर झाले. मग म्हणाला, सण होऊ दे. मग म्हणाला, लढाई होऊ दे. लढाईही झाली, आपण हरलोही.

"अहो, नवरदेवाला हार घालून उभा केलात, आणि दाढी अर्धीच!" फ्रासिलास करवादला.

"देवीची काही तक्रार आलीय का?"

तक्रार आलेली नव्हती.

फ्रासिलास म्हातारा झाला. तेव्हा सिराक्यूजहून एक नामांकित वास्तुकार गावात आला आणि भिंतीसमोर मान वाकडी करून उभा राहिला. "वा! काय सावल्या पडतात! कल्पना कुणाची?"

"सभेची," आन्द्रोन म्हणाला. श्वासही न घेता.

झाले! गावातल्या बड्या लोकांना आपल्या गुळगुळीत भिंतींची लाज वाटू लागली. नव्या घरांना टेंगळे हवीत, निव्वळ शोभेला. आणि ती देवळासारखी हुबेहूब घडवणार कोण? फ्रासिलासच.

निकिप्पे जवाची भाकरी मोडत म्हणाली, "जन्मभर काढतो काढतो म्हणालात. आता बसा घडवत."

त्याने सभेला अट घातली. घडवीन, पण देवळाचा एक तरी दगड तासू द्या. बरीच हमरीतुमरी होऊन मागच्या भिंतीतला, शेळ्या अंग घासतात तिथला, एक दगड मंजूर झाला. त्याने तो असा तासला की माशी बसली तर घसरावी. रोज संध्याकाळी तो निकिप्पेला तिथे न्यायचा.

"हात फिरव."

"काल फिरवला की!"

"आज फिरव."

फ्रासिलास वारला. पुढच्या सणाआधी सभेने तो दगड सदोष ठरवला आणि शिसे ओतून त्यावर टेंगूळ बसवून घेतले.