खांबामागची स्कॅलपताई

कारखान्यात तिला सगळे स्कॅलपताई म्हणत. टेबलक्लॉथ, पडदे, उशांचे अभ्रे यांच्या काठाला ओळीने अर्धगोल कंगोरे असतात, त्यांना आमच्याकडे स्कॅलप म्हणायचे. ते काम तिचं. मी इस्त्रीवर होतो. तिने शिवलेला प्रत्येक काठ माझ्या हाताखालून जायचा.

तिचं मशीन शेवटच्या भिंतीला, खांब आणि दोऱ्यांच्या रॅकच्या मध्ये. तिला बाहेर यायचं तर पुढच्या दोघींना उठून खुर्च्या सरकवाव्या लागत. कापड उन्हाने विटू नये म्हणून तिकडच्या खिडकीच्या काचा पांढऱ्या रंगवल्या होत्या. तपासणीचं टेबल दाराजवळ होतं. तिथे वारा यायचा.

स्कॅलप शिवणं म्हणजे नुसतं वळण घेणं नव्हे. दोन अर्धगोल मिळतात तिथे खाच असते. तिथे सुई कापडात ठेवून मशीनचा दाबपाय उचलायचा, कापड वळवायचं, पाय खाली. मग कात्रीचं टोक खाचेत थेट शिलाईपर्यंत न्यायचं. कमी कापलं तर कापड उलटल्यावर चूण पडते. जास्त कापलं तर भोक. चुणीवर इस्त्रीचा इलाज नाही. दाबून बसवली तरी पहिल्या धुण्यात वर येते.

तिचा उजवा खांदा धरला. हात वेणीपर्यंत जाईना. डॉक्टर म्हणाले, काम बदला. तिने मालकांकडे तपासणीचं टेबल मागितलं.

"अगं, तुला उठवलं तर स्कॅलप काय मी शिवू?" मालक हसले. "तुझ्यासारखी दुसरी तयार कर, मग खुशाल ये टेबलावर."

आधी तिने काम बिघडवून पाहिलं. मला बजावलं, "दादा, आज काठ वाईट येणार आहे. आहे तसा पुढे पाठवा."

काठ आला. एकच खाच कमी कापलेली. मी इस्त्री उचलली तोच खुर्च्या सरकल्या आणि ती समोर उभी.

"द्या तो इकडे."

"का गं? छान वाईट जमलाय की."

"गप्प बसा. बघवत नाही मला."

जेवणाच्या सुट्टीत तिने तो उसवून नीट केला.

पुढे तिची भाची कामाला लागली. बहिणीची मुलगी. शिकलेली, पण दुसरीकडे काही मिळेना. हाताने चलाख, तोंडाने त्याहून. मावशीशेजारी स्टूल टाकून शिकायची. एकदा डबा खाताना म्हणाली, "काका, स्कॅलप म्हणजे काय हो? काठाला काठ म्हणायला काय होतं?"

मी तरुणपणी मासळीच्या धक्क्यावर बर्फ फोडायचो. स्कॅलपच्या पाट्या उचलल्या आहेत.

"शिंपला असतो तो. पंख्यासारखा, कडेला कंगोरे. शब्द मुळात त्याचाच, जुन्या फ्रेंचमधून आलेला, असं धक्क्यावरचे साहेब सांगायचे. काठ तसा दिसतो म्हणून काठाला लागला. शिंपल्यात घालून काही भाजायचे, तर त्या पदार्थालाही तेच नाव."

"म्हणजे आपण उशीला शिंपले लावतो! टोचत नाहीत लोकांना?"

ताई हसली नाही. "आत जीव असतो का?"

"असतो तर. दोन्ही झाकणं फटाफट मिटून पाण्यात पळतो. झाकणं मिटणारा स्नायू जाड असतो. बहुतेक लोक खातात तो तेवढाच."

"ज्याच्या जोरावर पळायचं, त्याच्यासाठीच धरतात," ती म्हणाली आणि डबा बंद केला.

भाची भराभर शिकली. एक दिवस अख्ख्या टेबलक्लॉथचा काठ तिने एकटीने शिवला. मी इस्त्री केली. खाच ना खाच स्वच्छ होती. मालकांनी तो दाराशी उजेडात धरला.

"झालं की! ताई, उद्यापासून तू टेबलावर. ही बसेल तुझ्या जागी."

भाची खुशीत मावशीकडे बघत होती. मावशी खांबामागच्या खुर्चीकडे बघत होती. मग तिने मालकांच्या हातून काठ घेतला आणि बोटाने चाचपला.

"खाचा उथळ आहेत. धुतल्यावर चुणा येतील."

"मला तर काही दिसत नाही." मालक माझ्याकडे वळले. "काका, तुम्ही सांगा."

ताईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी म्हणालो, "स्कॅलपचं ताईलाच विचारा. मी इस्त्रीवाला."

"हिचा हात बसायचा नाही," ताई म्हणाली. "नजर मात्र चांगली आहे. टेबलावर हिलाच घ्या."

मालकांना काम चालल्याशी मतलब. "बघ हं. मग तू तिथेच."

"तिथेच."

भाचीचे कान लाल झाले. "मावशी, काय खोट आहे ते दाखव."

"धुतल्यावर कळेल."

"मग धू ना आत्ता!"

"डोकं नको खाऊ. कामाला लाग."

"जळतेस तू माझ्यावर," भाची सगळ्यांसमोर म्हणाली. खुर्च्या सरकल्या, ताई आत गेली, मशीन सुरू झालं.

भाची काही महिने टेबलावर होती. मावशीशी कामापुरतं बोलायची. मग तिला दुसरी नोकरी लागली. टेबल दाराशीच, तिला जाताना कोणाला उठवावं लागलं नाही.

मी निवृत्त झालो तेव्हा ताई खांबामागेच होती. ती निरोपाला उठली तशा पुढच्या दोघी खुर्च्या सरकवू लागल्या. "राहू द्या गं," ती म्हणाली आणि बसल्या जागेवरूनच डावा हात वर केला.