कपडे तळघरात आहेत

आमच्या सासूबाईंना गाणं अजिबात येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझी बायको तान्ही असताना त्या तिला झोपवायला गुणगुणायच्या आणि पोरगी टक्क जागी व्हायची, असं माझे सासरे हयात असेपर्यंत येईल त्याला सांगायचे. वाजवण्याचं म्हणाल तर त्यांनी आजवर फक्त दाराची बेल वाजवली आहे. पण ऐकणं! ऐकण्यात या बाईंचा हात धरणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. आणि मी जावई आहे. सासूची उगाच स्तुती करायला मला वेड लागलेलं नाही.

आमची लाँड्री आहे. मशीन आणि गाडी माझ्याकडे, इस्त्री आणि गिऱ्हाइकं त्यांच्याकडे. आठवडाभर बाई वाफेत उभ्या असतात, पण शनिवारची दुपार कलली की त्यांचा जीव दुकानात राहत नाही. घड्याळाकडे बघतात, माझ्याकडे बघतात, पुन्हा घड्याळाकडे. मग इस्त्रीचं बटण बंद, तोंडावर पाणी, ठेवणीतले कपडे, आणि बाई निघाल्या तळघरात.

तळघर म्हणजे कागदाच्या दुकानाखालची एक लांबट खोली; ऐकणारी मंडळीच दर शनिवारी तिथे गाण्यावाजवण्याचा कार्यक्रम ठेवतात. अरुंद जिना उतरून जायचं, वाकायला विसरलात तर कपाळमोक्ष ठरलेला. आत साठेक खुर्च्या, त्यातल्या एकीचं दुसरीशी रूप जुळत नाही. स्टेज नाही, माइक नाही. "हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला फोन करतं का कोणी?" असं सासूबाई माइकबद्दल म्हणतात. त्यांची जागा पहिल्या ओळीत, डाव्या टोकाला. तिथून कलाकाराची बोटं दिसतात, कपाळावरचा घाम दिसतो, बाहीचं बटण तुटलेलं असेल तर तेही दिसतं. सासूबाईंना तर आधी तेच दिसतं. किती जणांना त्यांनी मध्यंतरात बटण लावून दिलं आहे, ते विचारू नका.

रविवारी सकाळी चहाबरोबर आम्हाला आख्खा कार्यक्रम पुन्हा ऐकावा लागतो, तोही सुरांशिवाय.

"तो जिथे एकदम वर गेला ना जावईबापू, तिथे माझा गुडघा दुखायचा थांबला."

"आणि खाली आल्यावर?"

"पुन्हा दुखायला लागला. पण मधे थांबला होता, ते काही खोटं नाही."

शेजारणीने एकदा त्यांना विचारलं, एवढा जिना उतरून जायचं कशाला, टीव्हीवर सगळं दिसतं की. सासूबाई म्हणाल्या, "मला टीव्ही दिसतो गं, पण टीव्हीला मी दिसते का? तिथे तो वाजवणारा माझ्याकडे बघतो आणि मी मान हलवली की आणखी वाजवतो."

तर या तळघरात थंडीच्या सुरुवातीला पाण्याचा पाइप फुटला. जुना जाडजूड गालिचा आणि भिंतींवरचे मखमली पडदे भिजले, कुजले, त्यांना वास मारायला लागला. कार्यक्रम बंद पडले ते थंडी संपेपर्यंत. येणारी माणसं पांगली. वरच्या दुकानाचे मालक तसे भले, पण त्यांच्याकडे एक रंगाचा व्यापारी गोदामासाठी जागा मागत खेटे घालत होता. शेवटी मालक सासूबाईंना म्हणाले, "बाई, एक कार्यक्रम करून दाखवा. माणसं आली तर जागा तुमची. नाही आली तर सोमवारी इथे रंगाचे डबे लागतील."

झालं! सासूबाई कंबर कसून उभ्या राहिल्या. तळघरात नेमाने येणारी डझनभर मंडळी त्यांनी गोळा केली आणि खोलीचं रूपच पालटून टाकायचं ठरवलं. ही कल्पना त्यांचीच. कुजकं सगळं बाहेर काढलं, जमिनीवर चकचकीत फरश्या बसवल्या, भिंतींना ऑइलपेंट दिला. आमचे दंतवैद्य, जे तिथे कलाकारांची ओळख करून देतात, ते आठवडाभर दवाखाना लवकर बंद करून ब्रश घेऊन शिडीवर उभे होते. खोली अशी देखणी झाली की उंबऱ्यात चप्पल काढावीशी वाटावी. सगळे एकापेक्षा एक कानसेन! पण एकानेही आत उभं राहून एक टाळी वाजवून पाहिली नाही.

ते काम कार्यक्रमाला बोलावलेल्या व्हायोलिनवाल्या बाईंनी केलं. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी त्या परगावाहून आल्या, खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी तारेवर गज ओढला. मला संगीतातलं काही कळत नाही, पण माझेही दात शिवशिवले. त्यांनी व्हायोलिन खाली घेतलं.

"मी इथे वाजवणार नाही," त्या म्हणाल्या. रागावून नाही, अगदी शांतपणे. "एक सूर काढला की त्याच्यामागे चार धावत येतात. मी वाजवू कोणता आणि ऐकू कोणता? संध्याकाळच्या गाडीने मी परत जाते."

दंतवैद्यांनी विनवण्या केल्या, काही उपयोग झाला नाही. मालक जिन्यात उभे होते. त्यांनी हे सगळं ऐकलं होतं. सासूबाई भिंतीजवळ गेल्या आणि त्या चकाकत्या रंगावर तळवा टेकवून उभ्या राहिल्या. "माझंच हे काम," त्या पुटपुटल्या. या बाईंना सासऱ्यांच्या मागे एकटीने दुकान ओढताना मी पाहिलं आहे, कधी हातपाय गाळताना पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी भिंतीवरचा हात काढून कापडाचा जाडपणा बघावा तशी चिमूट चोळली आणि वळून मला विचारलं, "जावईबापू, गाडीत पेट्रोल आहे?"

"आहे. कशाला?"

"दुकानात लोकरीचं किती पडलंय?"

आता थंडी संपली की गावातली झाडून सगळी ब्लँकेटं, रजया, कोट आणि जाड पडदे धुवायला आमच्याकडे येतात. दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आवाज पिणारा जुना गालिचा आणि पडदे गेले, त्यांच्या जागी हे सगळं टांगायचं, हे त्यांच्या डोक्यातलं माझ्या डोक्यात शिरलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"आई, लोकांचे कपडे आहेत ते!"

"मग? चोरतेय का मी?"

"आज शनिवार. संध्याकाळी सगळे न्यायला येणार. फौजदारांचा ओव्हरकोट आहे त्यात!" फौजदार निवृत्त झाले, पण आवाज अजून नोकरीत आहे. त्यांच्या कोटाला मी हात लावतानासुद्धा आधी हात धुतो.

"दारावर लिहून ठेवा, कपडे तळघरात आहेत म्हणून."

"आई, इतक्या वर्षांचं नाव आहे दुकानाचं. लोक काय म्हणतील?"

नाही असं नाही, तो घाव त्यांना लागला. मग म्हणाल्या, "कपडे मी पुन्हा धुऊन देईन. पाया पडून देईन. पण ही खोली एकदा गेली की ती परत आणून देणारं दुकान नाही कुठे. चला, उठा."

व्हायोलिनवाल्या बाई हे ऐकत होत्या. त्या एका खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "करा तुम्ही काय ते. गाडीची वेळ होईपर्यंत मी बसते."

मी दुकानाच्या शटरवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, "कपडे तळघरात आहेत. कार्यक्रम झाल्यावर मिळतील. तोवर बसा." शेवटचं वाक्य सासूबाईंचं. मग गाडी भरभरून खेपा घातल्या. दंतवैद्य पुन्हा शिडीवर चढले. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या ताणल्या. मागे ब्लँकेटं, दोन्ही बाजूंना पडदे आणि रजया, मधल्या फटींत हँगरला कोट. कोणाच्या तरी दिवाणखान्यातला गालिचा जमिनीवर अंथरला. प्रत्येक कपड्याची नंबरपट्टी बाहेर लोंबत होती. मघाची देखणी खोली आता आमच्या दुकानाच्या मागच्या बाजूसारखी दिसायला लागली.

बाई मधूनमधून गज ओढून बघत होत्या. "अजून," म्हणायच्या. आम्ही अजून टांगायचो. "अजून. उजवीकडे काहीतरी जाड हवं."

उजवीकडे टांगायला एकच वस्तू उरली होती. सासूबाईंनी फौजदारांचा ओव्हरकोट स्वतःच्या हातांनी हँगरवर चढवला, खांदे सारखे केले आणि दोरीला अडकवला. बाईंनी गज ओढला. या वेळी त्या "अजून" म्हणाल्या नाहीत. एका सुरावरून दुसऱ्यावर गेल्या, तिसऱ्यावर गेल्या, डोळे मिटले आणि बराच वेळ वाजवत राहिल्या. मग डोळे उघडून म्हणाल्या, "आता काही हलवू नका."

सासूबाई खुर्चीत बसल्या आणि दिवसभरात पहिल्यांदा त्यांनी पाणी मागितलं.

संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा नेहमीची डझनभर डोकीच होती. मालक दाराशी बसून रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होते. पहिली धून संपते न संपते तोच जिन्यात पावलं वाजली. पडद्यांच्या मालकीणबाई होत्या, हातात पावती घेऊन. सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि खुर्ची दाखवली. त्या बिचाऱ्या बसल्या. त्यांच्यामागून रजईवाले नवराबायको आले. मग कोटवाले, शालवाल्या, ब्लँकेटवाले. येताना प्रत्येकाच्या कपाळावर आठी, तोंड उघडलेलं आणि आत आल्यावर तोंड तसंच उघडं, पण आवाज नाही. आपापला कपडा भिंतीवर ओळखून लोक त्याच्याजवळ जागा धरून बसत होते. खुर्च्या भरल्या. मालकांनी स्वतःची खुर्ची एका आजोबांना दिली आणि ते जिन्याच्या पायरीवर टेकले.

तेवढ्यात फौजदार आले. "माझा कोट कुठे—"

सगळी खोली वळून बघायला लागली. बाईंचा गज थांबला नाही, पण त्यांच्या भुवया वर गेल्या. फौजदार तडक उजव्या भिंतीकडे निघाले. मी मान खाली घातली. आणि सासूबाई उठल्या. चालू कार्यक्रमात या बाई शिंक आली तरी उठत नाहीत. त्यांनी फौजदारांची बाही धरली. फौजदारांची! "बसा," त्या कुजबुजल्या. "एवढं संपू द्या, मग मला काय हवं ते बोला. मी खाली मान घालून ऐकेन." फौजदार कोटाखालच्या खुर्चीवर धाडकन बसले आणि हाताची घडी घालून समोर बघत राहिले. थोड्या वेळाने मी चोरून पाहिलं तर घडी सुटली होती.

शेवटी टाळ्या पडल्या त्या पडतच राहिल्या. बाई हसून म्हणाल्या, "आणखी एक वाजवते." इकडे लोक उठायला लागले होते आणि मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी आपलं ब्लँकेट दोरीवरून ओढायला हात वर केला.

"खबरदार!" फौजदार गरजले. "कोणी कशाला हात लावायचा नाही! आवाज बिघडेल!"

खोली हसून हसून लोटपोट झाली आणि पुन्हा गपचूप खाली बसली. बाईंनी वाजवलं ते इतकं हळू, की मागच्या माणसाचा श्वास ऐकू येत होता. एकही सूर दुसऱ्यामागे धावला नाही. मला संगीतातलं कळत नाही, पण माझे डोळे भरून आले, आणि ते मी लपवले नाहीत.

मग सासूबाई दाराशी उभ्या राहून एकेकाचा कपडा काढून देऊ लागल्या. "चुकले हो, पुन्हा धुऊन देऊ का?" असं प्रत्येकाला विचारत होत्या, आणि एकानेही हो म्हटलं नाही. फौजदार कोट अंगात घालून, छाती पुढे काढून गेले. गर्दी जिन्यावर खोळंबली होती, तिच्यातून वाट काढत मालक खाली आले.

"पुढचा कार्यक्रम कधी आहे?" त्यांनी विचारलं. "मला रंगवाल्याला कळवावं लागेल, जागा नाही म्हणून."

गिऱ्हाइकाला, शेजारणीला, मला, कोणालाही कधी उत्तर कमी न पडलेल्या आमच्या सासूबाईंनी या वेळी हातातली कोणाची तरी शाल डोळ्यांना लावली. मग मीच पुढे झालो.

"पुढच्या शनिवारी," मी म्हणालो.

"कोणाचा?"

"ते या ठरवतील," मी म्हणालो, आणि जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, "या माझ्या सासूबाई आहेत."