कन्सेशनवाले फादर

आमच्या शाळेतल्या फादरांइतका ऐकायला हावरा आणि सांगायला चिक्कू माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात मिळायचा नाही. कल्याणच्या आमच्या कॅथलिक शाळेत ते चॅपलन, म्हणजे पोरांच्या मनाचं बघायला नेमलेले. स्वतःचा चष्मा, छत्री, प्रार्थनेचं पुस्तक रोज कुठेतरी विसरणार. शहाडचे रिक्षावाले त्यांची छत्री लांबूनच ओळखतात. पण पाचवीतल्या कुणाचा कुत्रा कधी मेला, हे पक्कं लक्षात. एकदा सातवीतलं एक पोरगं रेल्वे पासाच्या सवलतीचा कागद मागायला ऑफिसऐवजी चुकून त्यांच्या दारात गेलं. “फादर, कन्सेशन पाहिजे.” फादरांना ऐकू आलं कन्फेशन. “तू हिंदू ना रे? असू दे. बस, बोल.” पोरगं घाबरलं, डब्यातली भाजी रोज खिडकीतून टाकतो हे कबूल करून बसलं, आणि वर विचारतं, “आता पास मिळेल ना?” तेव्हापासून आगरी, कोळी, मुसलमान, सगळीच पोरं म्हणतात, “थांब रे, कन्सेशन घेऊन येतो.”

यंदा मॅनेजमेंटचा डोळा त्यांच्या खोलीवर गेला. मीटिंगमध्ये चेअरमन म्हणाले, “मुलं काय सांगतात त्याचा दर महिन्याला रिपोर्ट द्या, नाहीतर तिथे कॉम्प्युटर लावू.”

“लावा,” फादर म्हणाले. “तसाही तिथला पंखा फार बोलतो.”

“कॅथलिक मुलं मूठभर. बाकीचे कशाला जातात तिथे?”

मी भूगोलाचा मास्तर, मीटिंगमध्ये कधी तोंड न उघडणारा. उभा राहिलो.

“मी जातो. आई गेली त्या दिवशी तिचा मला फोन येत होता. मी पेपर तपासत होतो, उचलला नाही. हे बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही, फादरना सांगितलं. आजवर तुमच्या कानावर आलं का, सर? नाही ना? म्हणून जातो. घ्या, हा झाला रिपोर्ट.”

खोली गेलीच. दुसऱ्या दिवशी फादर जिन्याखाली स्टूल टाकून बसले. चेअरमननी ते उचलायला लावलं, तर मी प्रयोगशाळेतलं दुसरं नेऊन ठेवलं. तेही उचलू देत. प्रयोगशाळेत स्टुलं पुष्कळ आहेत.

मी आईचं सांगितलं तेव्हा देव क्षमा करील वगैरे फादर काही बोलले नव्हते. “आता माझा तरी उचलत जा, मास्तर,” एवढंच म्हणाले. तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन येतो, छत्री तुझ्याकडे राहिली का म्हणून. कधीच राहिलेली नसते. परवा तर फोनमध्ये मागून रिक्षावाला म्हणताना ऐकू आला, “फादर, ती छत्री जरा आत घ्या.”

मी पहिल्याच रिंगला उचलतो. म्हणतो, “बघतो हं, फादर.”