आत्याने नाव घातलेलं ताट

पाचोडात माझ्या आत्याच्या हाताखालून न गेलेलं स्टीलचं भांडं सापडलंच, तर ते परगावाहून चोरून आणलंय असं खुशाल समजावं. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर नाव घालायचं मशीन घेऊन ती बसते, ते माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून. लग्नसराईत तर जेवायलाही उठत नाही. शिक्षण सातवीपर्यंत, पण अक्षर असं की आमच्या हेडमास्तरांनी मुलीच्या रुखवताची भांडी तिच्याकडे पाठवताना, "आमच्या मास्तर लोकांना तेवढी वेलांटी शिकवा," असा निरोप धाडला होता. कुणाकडे पाणी प्यायला दिलं तरी ती आधी तांब्या फिरवून फिरवून नाव शोधते. अक्षर दुसऱ्या कुणाचं निघालं तर तोंड वाकडं करते आणि नाव नसलंच तर त्या घराची तिला काळजी वाटू लागते. "ज्याच्यावर नाव नाय, ते आज ना उद्या दुसऱ्याच्या घरी जातं," हे तिचं तत्त्वज्ञान. लग्नानंतर वर्षभरात सासर सोडून ती माहेरी परत आली, त्यानंतर तिने हे काम धरलं, एवढंच मला ठाऊक होतं.

बारावीनंतर मला संभाजीनगरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि मुलींच्या वसतिगृहात जागाही मिळाली. आमच्या घरातून शिकायला बाहेर राहणारी मी पहिलीच मुलगी. वडिलांच्या मनातून पाठवायचं नव्हतं. पहिल्या महिन्यात रडत परत आली तर शिक्षण तिथंच थांबेल, असं त्यांनी निक्षून सांगितलं. आत्या मात्र धाकट्या भावासमोर उभी राहून म्हणाली, "ऱ्हाईल ती. माझा शब्द हाय."

शब्द दिल्यावर तिने तयारी हातात घेतली. वसतिगृहाकडून आलेली सामानाची यादी तिने दुकानाच्या खांबाला चिकटवली आणि पंधरा दिवस गावाची भांडी बाजूला सारून माझ्याच सामानावर कर्र कर्र मशीन चालवलं. वाटी, ग्लास, डबा हे ठीकच. पण तिने कुलपावर, किल्लीवर आणि नेलकटरवरही नाव घातलं. प्लास्टिकच्या बादलीवर मशीन चालेना, तर दाभण तापवून अक्षरं उमटवली. गादीपुढे मात्र तिचं काही चालेना. मग तिने आईला शेजारी बसवून उशीच्या अभ्र्यावर दोऱ्याने नाव काढून घेतलं आणि प्रत्येक काना स्वतः तपासला. नाव म्हणजे नुसतं नाव नव्हे. वडिलांचं नाव, आडनाव आणि मु. पो. पाचोड, ता. पैठण. चमच्याच्या दांड्यावर हे मावेना, म्हणून तालुका मागच्या बाजूला गेला. मी शिकायला जातेय की हरवायला, असं मी चिडून विचारलं. त्यावर तिने माझ्या हातातली छत्री काढून घेतली आणि तिच्या दांड्यावर काम सुरू केलं. ताट तेवढं राहिलं होतं, ते तिने निघायच्या आदल्या संध्याकाळी घाईघाईत केलं आणि कापडात गुंडाळून बॅगेत ठेवलं.

वसतिगृहात माझी अवस्था वाईट झाली. खोलीतल्या मुली चटपटीत बोलायच्या. माझ्या प्रत्येक वस्तूवर आख्खा पत्ता. मेसमध्ये मी ताटाच्या काठावर हात ठेवून जेवायची, तिथं काय लिहिलंय हे धड पाहिलंसुद्धा नाही. चौथ्या दिवशी मला घराची इतकी आठवण आली की मी बॅग भरली. आत्याचा शब्द आठवत होता, वडिलांची अटही आठवत होती, तरी भरली. तेवढ्यात अजिंठ्याकडची एक मुलगी नळावर घासलेली आमची ताटं घेऊन आली आणि माझं ताट डोळ्यांजवळ धरून अगदी गंभीरपणे म्हणाली, "तुझं लगीन झालंय व्हय? सांगितलं नाय ते."

ताटावर सुबक अक्षरांत लिहिलं होतं: चि. सौ. कां. हिच्या शुभविवाहाप्रीत्यर्थ आत्याकडून सप्रेम भेट. मध्ये माझं संपूर्ण नाव. चाळीस वर्षं लग्नाची भांडी करून सवयीने हात वळला होता. दहा मिनिटांत सगळा मजला नवरी बघायला लोटला. कुणी ओढणीचा अंतरपाट धरला, कुणी मेसमधल्या भाताच्या अक्षता केल्या, आणि माझं त्या ताटाशी रीतसर लग्न लागलं. मी हसता हसता रडले आणि रडता रडता हसले. संध्याकाळची बस निघून गेली. बॅग रिकामी करायला चौघीजणी होत्या.

दिवाळीत घरी गेल्यावर आत्याला हे सांगितलं, तर ती शरमेने लाल झाली. ताट घासून कोरं करते म्हणाली. मी दिलं नाही. उलट शहरातून आणलेला नवा ग्लास तिच्यापुढे ठेवला आणि नाव घाल म्हणाले.

"कुणाचं?"

"तुझं."

तिने मशीन सुरू केलं, टोक ग्लासावर टेकवलं आणि बंद केलं. बराच वेळ ग्लास हातात फिरवत बसली. मग म्हणाली, "लग्नात मला पन्नासेक भांडी आली व्हती. समद्यांवर देणाऱ्यांची नावं. माझं एकावर बी नव्हतं. मग परत मागायची कशी?" आणि थोड्या वेळाने, गिऱ्हाइकाला विचारावं तसं तिने मला विचारलं, "आडनाव म्हायेरचं घालू, का सासरचं?"

नुसतं तुझं घाल, एवढंच मी कसंबसं म्हणाले.

तिने घातलं. तीन अक्षरांचं नाव, पण त्याला तिला एका आख्ख्या ताटाएवढा वेळ लागला. हेडमास्तरांनी वाखाणलेली तिची वेलांटी त्या दिवशी वाकडी गेली. ग्लास दूर धरून तिने तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि विचारलं, "बरं आलंय का?" मी म्हटलं, आजवरचं सगळ्यात सुरेख.