नळीचं मी ठरवलं

कळमन्याच्या बाजारात मी मापारी आहे. मिरचीची पोती काट्यावर चढतात, मी आकडा मोठ्यानं सांगतो, लिहिणारा लिहितो. शाळा पाचवीत सुटली, पण आकडा वाचायला तेवढी पुरली. माझं गाव सांगलीकडं. हळदीच्या ट्रकबरोबर एकदा नागपूरला आलो आणि इथलाच झालो. बायको अजून गावी, माझ्या आईपाशी.

तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन जिभेच्या मुळाशी कॅन्सरची गाठ झाली. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी घाई न करता समजावलं, त्याचे उपकार मी विसरणार नाही. सात आठवडे किरणांचा शेक, सोबत आठवड्याला एक औषध. "निम्म्यावर घसा आतून सोलवटेल, काका. पाणीही गिळवणार नाही. वजन पडलं तर शेक मध्येच थांबवावा लागतो, आणि थांबला की आजाराचं फावतं. म्हणून पातळ अन्न द्यायला आधीच पोटाला बारीक नळी बसवावी असं मला वाटतं. वजन टिकलं असेल तर थांबूनही बघू. पुढं लागलीच तर नाकातून घालता येते. मंगळवारी वजन करू. ठरवायचं मात्र तुम्हीच."

शेकाची मला भीती नव्हती. भीती नळीची. नळी घातलेला एकच माणूस मी बघितला होता, माझे वडील. त्यानंतर ते तीन दिवस राहिले. फोनवर बायको म्हणाली, "अवो, तसलं काय बी करून घेऊ नगा. मामंजींचं बघितलंय न्हवं?"

माझ्या खोलीत राहणारा हमाल भंडाऱ्याकडचा. त्याला सगळंच सोपं वाटतं. "काहून घाबरून राहिला गा तू? पोटाले नळी लावून राहिले, तोंड थोडीच शिवून राहिले?"

आठवडाभर केळी खाल्ली, दुधात पोळी कुस्करून खाल्ली. रोज संध्याकाळी बाजार उठला की पोत्यांच्या काट्यावर उभा राहायचो. आकडा खालीच जायचा. मंगळवारी सकाळी मी जुन्या लोखंडी वजनांतली दोन-दोन किलोची दोन वजनं खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळून कमरेला बांधली, वरून ढगळ सदरा घातला, आणि खोलीतल्या सोबत्याला काही न सांगता त्याच्याबरोबर दवाखान्यात गेलो.

काट्यावर चढलो. डॉक्टरीणबाई खूश. "शाब्बास काका! वाढलं की." त्यांनी कागद ओढला.

"लिहिता कशाला?" मी विचारलं.

"औषध किती द्यायचं ते वजन बघूनच ठरतं ना."

माझ्या तोंडून इतकी वर्षं खोटा आकडा गेला नव्हता. त्यावरून आडत्यांशी भांडलोय मी. आणि आज माझ्याच अंगात जाणाऱ्या औषधासाठी खोटा आकडा!

"थांबा. लिहू नका."

सदरा वर केला, गाठ सोडली, दोन्ही वजनं टेबलावर ठेवली. सोबत्यानं कपाळावर हात मारला. "अबे, लोखंड बांधून आला का रे तू? आन् मी म्हणून राहिलो, हा आज असा काहून चालते!"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "भीती वाटली होती तर सांगायचं होतं, काका." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा चढलो. सव्वा किलो उतरलं होतं.

"ह्यांच्या घरच्यांना बोलावून ठरवू या का?" त्यांनी सोबत्याला विचारलं.

"त्याला काय विचारता?" माझा आवाज चढला. "घरचे आठशे किलोमीटरवर आहेत. माझ्या बापाला नळी घातली तेव्हा तो शुद्धीत नव्हता, त्याला कुणी विचारलंच नाही. मी शुद्धीत आहे. माझ्या पायांनी चालत येतो आणि घालून घेतो. कुठं सही करू ते दाखवा. आधी वाचणार. वेळ लागेल."

त्यांनी खुर्ची पुढं सरकवली. "वाचा. मी बसते."

तीन पानं होती. सगळी वाचली, अडलं तिथं विचारलं, मग सही केली. रात्रीची वाट न बघता बायकोला लगेच बाहेर येऊन फोन केला. "विचारत नाही, सांगतोय. रडायचं तर रड, मी माघार घेणार नाही." ती रडली. मग म्हणाली, "कवा हाय?"

नळी बसल्यावर आठवड्यानं बाजारात गेलो. शेक सोमवारपासून होता. आडत्या म्हणाला, "गावाले जाऊन आराम कर ना गा." म्हटलं, "गावी शेक मिळतो का?"

दुपारी हमालांच्या घोळक्यात जेवायला बसलो. सगळ्यांची नजर सदऱ्याकडं. मग मी तो वर केला आणि त्यांच्यासमोर पिचकारीनं नळीत स्वच्छ पाणी सोडलं. वापरात नसली तरी रोज सोडायचं असतं, नाहीतर तुंबते.

"लपवून कर ना बे," एकजण बोलला.

"का? चोरी केली का मी? बघून घ्या सगळ्यांनी. गिळवेल तोवर तोंडानं खाणार, नाहीतर इथनं. पण सात आठवडे पुरे करणार."

"मंग भाजी घे ना," माझा सोबती म्हणाला. "भाषणच देऊन राहिला."

मी भाकरी मोडली आणि भाजीला हात घातला.