पहिल्या खांबाचा खड्डा

खोनकेन शहराजवळ विमानांची शेड बांधायला घेतली, तेव्हा पहिल्या खांबाच्या खड्ड्यात सळयांची जाळी बांधली ती खामपुनने. पक्कड फिरवून फिरवून बाईच्या अंगठ्याला घट्टे पडले. एवढं अवाढव्य छप्पर, मधे एक खांब नाही आणि पुढची बाजू सताड उघडी. वारा आत शिरला की ते उडायलाच बघणार. त्याला खाली धरून ठेवायचं ते कडेच्या खांबांच्या असल्या पायांनीच. आणि त्याच छपराखाली विमानं दुरुस्त करायला तिची लेक दुआन लागणार होती.

मुहूर्ताच्या दिवशी सळयांना केळीचं रोप नि ऊस बांधला, रंगीत कापडं गुंडाळली. काँक्रीटचा पहिला माल घालायला कोणी मोठे साहेब यायचे होते. मालाचा ट्रक सकाळीच येऊन उभा राहिला, साहेबांचा पत्ता नाही. पूजेला आलेल्या भंतेंनी मुहूर्त दोनदा पुढे ढकलला. मुहूर्तसुद्धा बिचारा साहेबांच्या गाडीची वाट बघत बसला! इकडे उन्हात ड्रम गरगरतोय, माल घट्ट होतोय. मग मुकादम प्रायूनने काय करावं? ड्रायव्हरला पाइप लावून आत पाणी सोडायला लावलं!

खामपुनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे मेल्या, शिळा चिकट भात पाण्यात कालवला की ताजा होतो का? पेज होते त्याची!"

सगळे हसले. ठाऊक तर सगळ्यांनाच होतं. इंजिनिअरलाही होतं. तो बुटांकडे बघत पुटपुटला, "कळतं हो मावशी, पण फोटोवाले आलेत."

"मग त्या छपराखाली फोटोवाल्यांच्या लेकी पाठवा, माझी नको," असं म्हणून ती सरळ खड्ड्यात उतरली आणि जाळीवर फतकल मारून बसली.

"ए मावशी, वर ये!" प्रायून किंचाळला. "बाईने मुहूर्ताच्या खड्ड्यात उतरायचं नसतं. अपशकुन होतो!"

"आणि इतके दिवस इथेच उकिडवी बसून तार पिळत होते, तेव्हा शकुन होता होय रे?"

तिला ओढायला कोणी उतरेना, केळ मोडली तर पाप कोणाच्या माथी? भंते तर बाईला शिवणारच नाहीत. तेवढ्यात साहेब आले.

"ही कोण?"

"काही नाही साहेब, उन्हाने जरा..." प्रायून सारवासारव करू लागला.

"उन्हाने माल नासलाय, साहेब," खामपुनने खालूनच हात जोडले. "माझं डोकं ठिकाणावर आहे."

साहेब गोरेमोरे झाले. भंते मात्र खुदकन हसले. "प्रायून, हाताने एक बादली ताजा माल कालव. साहेब तेवढाच घालतील. आशीर्वाद बादलीलाही चालतो."

साहेबांनी थापीभर माल जाळीच्या कोपऱ्यात टाकला, खामपुन दिसणार नाही असा फोटो काढवला आणि जेवायला निघून गेले. तेव्हा कुठे इंजिनिअरला कंठ फुटला. त्याने तो ट्रक परत धाडला.

प्रायूनचा राग काही उतरेना. "उद्यापासून कामावर येऊ नकोस."

"नाही येणार. पण नवा ट्रक येईस्तोवर इथून हलणारही नाही."

ऊन कलताना दुसरा ट्रक आला. आता ना मुहूर्त होता, ना फोटोवाले. ट्रकच्या घसरणीवरून पहिला घट्ट, राखाडी लोंढा सुटला, तशी खामपुन शिडीने वर आली. पण घरी गेली नाही. खड्डा काठोकाठ भरेपर्यंत कमरेवर हात ठेवून प्रायूनच्या डोक्यावरच उभी राहिली.